माझ्या पिंडाचा कावळा

मी मेल्याची बातमी मला एका बांगडीवालीने दिली, आणि तीही माझा हात हातात धरून, बांगडी चढवता चढवता.

मुंबईच्या एका स्टुडिओतली मेकअपची खोली होती. पुढच्या प्रसंगासाठी मला हिरव्या काचेच्या बांगड्या हव्या होत्या, म्हणून कंपनीच्या माणसाने बाजारातून एका बाईला बोलावून आणलं. तिने टोपली खाली ठेवली, माझा पंजा दाबून लहान केला, पहिली बांगडी अर्ध्यापर्यंत आणली आणि तिथेच तिचा हात थांबला. मी वर पाहिलं. अगं बाई, ही तर आमची चाची! नाशकात आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बांगड्या भरायला येणारी. मुंबईत तिच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, तिथे ती माल न्यायला आली होती.

"या अल्ला," ती म्हणाली, "तू तर मेलीस ना गं पोरी!"

मला हसू फुटलं. तिला नाही फुटलं. तिने माझं मनगट दोन बोटांत धरून ठेवलं, बराच वेळ. नाडी बघत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आता रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरून मला पन्नासच्या वर वर्षं झाली. एवढ्या काळात मी किती वेळा मेले ते मलाच आठवत नाही. विष पिऊन मेले, विहिरीत उडी टाकून मेले, बाळंतपणात तर इतक्यांदा मेले की विचारू नका. नायिका होते तेव्हा शेवटच्या अंकात मरायचे, आई झाले तेव्हा पहिल्याच अंकात मरायला लागले, एवढाच काय तो फरक. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पण ते सगळं पोटासाठी. खरं मरण मला एकदाच आलं, ते नाशकात, अठराव्या वर्षी. मुलाखती घ्यायला येणाऱ्यांना मी हे सांगत नाही. सांगितलं तर लिहितील, बाईंची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे. विनोद कसला डोंबलाचा!

माझे वडील गंगेवर क्रियाकर्म चालवायचे. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. बाहेरगावचे लोक अस्थी घेऊन रामकुंडावर यायचे, वडील त्यांची पिंडदानं करवायचे आणि त्यावर आमचं घर चालायचं. माझ्या पत्रिकेत मंगळ कडक निघाला म्हणून सोळावं सरलं तरी लग्न जमेना. त्यात एक सिनेमा कंपनी घाटावर चित्रीकरणाला आली. त्यांना घागर घेऊन पायऱ्या उतरणारी मुलगी हवी होती आणि अट एवढीच, की तिने यंत्राकडे बघायचं नाही. गावातल्या सगळ्या पोरी बघायच्या. मी नाही बघितलं. आठ दिवसांनी कंपनी गेली आणि तिच्या मागोमाग मीही गेले, दळणाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवून.

चाचीने मला पुढचं सांगितलं. वडिलांनी ती चिठ्ठी चुलीत घातली आणि गल्लीत सांगितलं, थोरली मामाकडे गेलीय, मनमाडच्या पुढे. महिन्याने सांगितलं, तिकडे पटकीने गेली. इतकंच करून ते थांबले नाहीत. दोन दिवस कुठे तरी जाऊन आले आणि फडक्यात बांधलेलं एक मडकं घेऊन आले. त्यात कुणाच्या अस्थी होत्या देव जाणे. दहाव्या दिवशी गंगेवर माझा पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, असं पूर्वी मी म्हणायचे. आता वय झालं, आता म्हणते. चुकलंच त्यांचं.

दोन वर्षं सगळं शांत होतं. मग माझा पहिला बोलपट नाशकात लागला.

त्यात माझं काम चिमूटभर होतं. पाण्याला गेलेली मुलगी उशिरा घरी येते, दार बंद असतं, ती कडी वाजवते आणि म्हणते, "आई, दार उघड. मी बाहेर उभी आहे." बस्स. दुपारचा खेळ खास बायकांसाठी असायचा, त्याला आमची अख्खी गल्ली गेली होती. मुकं चित्र असतं तर म्हणाल्या असत्या, दिसते कुणी तरी हिच्यासारखी. पण हा बोलपट. पांढऱ्या पडद्यावर मेलेली मुलगी आली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि ज्या आवाजात रोज "काकू, विरजण आहे का" विचारायची त्याच आवाजात म्हणाली, आई, दार उघड. बायका चपला टाकून पळाल्या.

आता कुणाही शहाण्या माणसाने काय समजावं? की पोरगी जिवंत आहे आणि सिनेमात गेली आहे. पण आमची गल्ली पडली गंगेवरच्या भटजींची. तिथे लहान पोरालाही ठाऊक, की कावळा शिवला नाही म्हणजे जीव अडकला. माझा पिंड शिवला नव्हता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग काय, पुरावाच मिळाला. सुटका नाही म्हणून भटकत होती, ती बोलपटात शिरली. जिवंत मुलगी सिनेमात जाते यापेक्षा मेलेली मुलगी सिनेमात जाते हे त्यांना पटायला सोपं गेलं.

"आणि आई?" मी चाचीला विचारलं.

"तिला बी नेली दुसऱ्या दिवशी, ओळखायला. तिने शेवटपर्यंत बघितलं. मग बोलली, हो, तीच आहे. माझी गेलेली."

हे सगळं मी आजही हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, घरचं खाऊनपिऊन सुखी. त्या मुलाचे वडील, म्हणजे तिचे होणारे सासरे, म्हणाले, थोरलीचा जीव तुमच्या दाराशी कडी वाजवतोय, अशा घरातली मुलगी मी कशी करू? पुन्हा पिंड ठेवा. दर्भाचा कावळा चालायचा नाही, खरा शिवला पाहिजे, माझ्या डोळ्यांदेखत. नाही शिवला तर सोयरीक मोडली. येत्या अमावस्येचा दिवस ठरला. आणि अशा कारणाने एकदा मोडलं की पुन्हा त्या मुलीकडे कोण ढुंकून बघतो?

माझं डोकं तडकलं. म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. गल्लीच्या मधोमध उभी राहते आणि विचारते, बघा रे मेल्यांनो, मी मेलेली दिसते का? चाची नको नको म्हणत होती. मी कुणाचं ऐकलंय कधी!

नाशिक रोडला उतरून आम्ही टांगा केला. मागच्या बाकावर मी आणि चाची बसलो. टांगा निघणार तेवढ्यात गाठोडं सावरत आमच्या घरापासून तिसऱ्या घरातल्या काकू आल्या. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि मला पाहिलं. दोन हातांचंही अंतर नव्हतं. मी म्हटलं, "काकू, मी आहे. ओळखलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं असं म्हणवत नाही. माझ्या चेहऱ्यातून पलीकडे, घोड्याच्या पाठीकडे बघावं तसं बघितलं. मग चाचीला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझ्या शेजारी कुणी बसलंय का गं?"

चाचीने टोपली मांडीवर ओढून घेतली.

"कोई नहीं, काकू," ती म्हणाली. "या ना, बसा."

काकू बसल्या नाहीत. पाय खाली घेतला, पदर घट्ट लपेटला आणि भर उन्हात, गाठोडं घेऊन रस्त्याने चालू लागल्या. टांगा त्यांच्या बाजूने गेला तेव्हा त्या मान खाली घालून रामाचं नाव घेत होत्या. मी चाचीवर चिडले नाही. चिडायला हवं होतं, पण मला एकदम थंडी वाजायला लागली. एप्रिलच्या उन्हात. मी माझा दंड चिमटून बघितला, दुखला, तरी बरं वाटेना.

चाची म्हणाली, "मी खरं बोलले असते तर पहिल्यांदा तुझ्या बहिणीचं काय झालं असतं, सांग. नटीची बहीण. आणि बाप खोटं क्रियाकर्म करणारा."

तरी मी हट्ट सोडला नाही. चाचीच्या सुनेचा बुरखा घातला आणि संध्याकाळी तिच्याबरोबर गल्लीत गेले. चाचीला चुड्याचं माप घ्यायचं होतं. मी ओसरीच्या खाली, पायरीशी उभी राहिले. बहीण बाहेर आली. केवढी उंच झाली होती! चाचीपुढे हात धरला आणि विचारलं, "चाची, उद्या शिवेल ना गं कावळा?"

"शिवेल, शिवेल."

"ताई माझी फार लाडकी होती," बहीण म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता, की मला बुरख्यात रडूही येईना. "पण आता तिने जावं. रोज तिन्हीसांजेला मला कडी वाजल्यासारखी वाटते. मी आईला दार उघडू देत नाही."

मी तिच्यापासून चार हातांवर होते. तोंडावरचं कापड वर केलं असतं की झालं. नाही केलं. गल्लीच्या मधोमध उभी राहून शिव्या घालायला आलेली मी, चाचीच्या मागून मुकाट्याने परत निघाले. वळताना बघितलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चाचीने घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर, एका लहान देवळाच्या भिंतीला लागून बांगड्यांची चादर पसरली. ती तिची नेहमीची जागा. तिच्यामागे मी बुरख्यात बसले. खाली वडील ओल्या पंच्याने बसले होते, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन. दोन वर्षांत ते म्हातारे झाले होते. समोर दर्भावर माझा पिंड. त्याच्या बाजूला पानात माझ्या आवडीचे पदार्थ. सासरेबुवा छत्री उघडून उभे, त्यांच्यामागे गल्लीतले दहाबारा पुरुष, आणि वेगळ्या बाजूला आई आणि दोनचार बायका.

गंगेवर कावळे नाहीत असं कधी होत नाही. त्या दिवशीही होते. समोरच्या भिंतीवर रांगेने बसले होते. पण एकही ओरडत नव्हता. मी जन्मल्यापासून त्या घाटावर वावरलेली, अमावस्येच्या दुपारी कावळे गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. इतकी शांतता होती, की धोबिणीच्या धोपटण्याचा आवाज लांबून येत होता आणि मग तोही थांबला.

वडिलांनी हात जोडले. "तुझ्या बहिणीचं लग्न थाटात करू," ते पिंडाला म्हणाले. कावळा आला नाही. "तुझ्या आईला अंतर देणार नाही." नाही आला. मागून कुणी तरी सुचवलं, तिला श्रीखंड आवडायचं, श्रीखंड कबूल करा. वडिलांनी श्रीखंड कबूल केलं. मला श्रीखंड कधीही आवडलं नाही! जन्म दिलेल्या बापाला एवढंही ठाऊक नसावं?

आयुष्यभर वडील दुसऱ्यांना सांगत आले होते, बोला, मृताची इच्छा काय होती ती बोला, लाजू नका. आता त्यांची पाळी आली होती आणि त्यांना बोलता येत नव्हतं. तास गेला. ऊन डोक्यावर आलं. मग अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "माझा तुझ्यावर राग नाही."

भिंतीवर एक पंखसुद्धा हलला नाही. कावळ्यांनाही पटलं नसावं. सासरेबुवांनी छत्री मिटली. "चला, सूर्य कलला," ते म्हणाले. "मला वाटतं, आपण इथेच थांबावं. मुलीचं दुसरीकडे बघा." आईच्या बाजूला उभी असलेली एक बाई हुंदका देऊन रडू लागली. आई रडत नव्हती.

इथे आमच्या घरातलं एक गुपित फोडायला हवं. मी आठनऊ वर्षांची असताना वडील मला घाटावर न्यायचे. यजमान उपाशी बसलेला, कावळा शिवत नाही, अशी पंचाईत झाली की मी या देवळाच्या भिंतीमागे जायचे आणि कावळ्याची साद घालायचे. नुसती काव काव नव्हे. अन्न दिसलं की एक कावळा दुसऱ्यांना बोलावतो ती साद. ती मला कुणी शिकवली नव्हती, येत होती. ते यायचेच. कोणाकोणाच्या आजोबांना आणि आत्यांना मी तशी मुक्ती दिली असेल! हे वडिलांना ठाऊक, मला ठाऊक आणि आईला ठाऊक. गल्लीत कुणालाच नाही.

मी उठले. वर्षानुवर्षं त्याच भिंतीला लागून बसणाऱ्या चाचीने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बांगड्यांचे दोन जुडगे उचलून जोरात खळखळवू लागली. मी देवळाच्या मागे गेले, भिंतीला पाठ लावली, तोंडावरचं कापड वर केलं.

आणि आवाज निघेना. दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी घातलेली साद, ती स्वतःसाठी कशी घालायची? एकदा घातली की मीच कबूल केलं असं होणार होतं. वडिलांनी मारलं, गल्लीने मारलं, त्याला मी मानत नव्हते. हे मात्र माझ्या तोंडाने होणार होतं. मला अठराव्या वर्षी घर हवं होतं हो. सिनेमा हवा होता आणि घरही हवं होतं. कधी तरी दिवाळीला यावं, आईने दार उघडावं, रागावून का होईना उघडावं, एवढी आशा मी धरून होते. मग सासरेबुवांच्या वहाणा पायऱ्यांवर वाजायला लागल्या.

मी साद घातली.

पहिल्या हाकेला काही झालं नाही. दुसऱ्या हाकेला भिंतीवरच्या सगळ्या कावळ्यांनी माना वळवल्या, घाटाकडे नाही, माझ्याकडे. तिसरी हाक मी पुरी केलीच नाही. माझ्या पाठीमागून, जिकडे नुसती भिंत होती तिकडून, एक कावळा माझ्या डोक्यावरून गेला. इतका खालून, की त्याच्या पंखांचा वारा कपाळाला लागला. तो सरळ खाली उतरला आणि त्याने पिंडात चोच घातली. त्याच क्षणी माझ्या तोंडात भाताची चव आली. दहीभाताची, किंचित आंबट. सकाळपासून मी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू दे, मला त्याचं काही नाही.

"शिवला!" सगळे ओरडले. भिंतीवरचे बाकीचे कावळे एकदम कोकलायला लागले. मी कापड खाली ओढून चाचीच्या मागे येऊन बसले. वडील उठले नव्हते. त्यांनी मान वर करून देवळाच्या भिंतीकडे पाहिलं, फक्त एकदा. मग हातातली पळी ठेवायला गेले तर ती दोनदा निसटली. सासरेबुवा वर येत होते ते थांबले, छत्री पुन्हा उघडली आणि म्हणाले, "सुटली हो बिचारी. आता काळजी नाही. येत्या आठवड्यातच तिथी धरू."

सगळे आंघोळीला पाण्यात उतरले. बायकाही गेल्या. आई तेवढी आंघोळ करून सगळ्यांच्या आधी वर आली, ओल्या लुगड्यानेच, आणि चाचीच्या चादरीपाशी थांबली. क्रियाकर्मावरून आलेल्या अंगाने बांगडीला हात लावायचा नसतो, म्हणून ती जरा लांब उभी राहिली.

"उद्या सकाळी घरी ये हो," ती चाचीला मोठ्याने म्हणाली. "धाकटीला हिरवा चुडा भरायचाय."

"येते, येते," चाची म्हणाली.

आई हलली नाही. पदराचं टोक पिळत राहिली. पाणी पायरीवर पडत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, चाचीकडेही नाही, खाली बांगड्यांकडे बघत होती. मग ओठ न हलवता, रोज दुपारी चुलीपासून उठताना विचारायची तसं, तिने विचारलं,

"जेवलीस का गं?"

पुढे मी आईच्या भूमिका पुष्कळ केल्या आणि लोक पुष्कळ रडले. माझं वाक्य कधी पडलं नाही, अशी माझी ख्याती आहे. समोरचा विसरला तर त्याचंही मी सांभाळून घेते. त्या दुपारी मला दोनच शब्द म्हणायचे होते. जेवले, आई. ती थांबली होती त्यासाठी. पदर पिळून कोरडा झाला तरी थांबली होती. तिला मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. पण बहिणीचे सासरे चार पायऱ्या खाली उभे राहून छत्री झटकत होते, आणि मेलेली माणसं उत्तर देत नाहीत.